रिडेव्हलपमेंटमधली नेटवर्कची वायरिंग: तांबं कुठे, फायबर कुठे, आणि स्लॅब पडण्याआधी काय मागून घ्यायचं?

अनघा_कमिटी

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. जुन्या दोन इमारती पाडून चौदा मजल्यांचा एक टॉवर होणार, आणि मागच्या बाजूला सोसायटी ऑफिस व छोटा हॉल यांची वेगळी बैठी इमारत. विकास करारनाम्याचा मसुदा सध्या समितीपुढे आहे. बाथरूमच्या टाइल्स आणि नळ यांच्यावर त्यात अर्धं पान खर्ची पडलंय. नेटवर्कबद्दल मात्र एकच ओळ आहे: "हॉल व मास्टर बेडरूममध्ये टीव्ही आणि टेलिफोन पॉइंट."

जुन्या इमारतीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. इंटरनेटची प्रत्येक कंपनी आली, गच्चीवरून वायर सोडली, खिडकीच्या चौकटीशेजारी भोक पाडलं आणि निघून गेली. पावसाळ्यात त्याच भोकांतून पाणी आत आलं. जिन्यात लोंबणाऱ्या वायरींपैकी चालू कुठली आणि मेलेली कुठली, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्याकडे निम्मी तरुण मंडळी घरून काम करतात. बऱ्याच ज्येष्ठांची मुलं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल हाच भेटीचा मार्ग. नवीन इमारतीत हा प्रकार पुन्हा नको. करारनाम्यात नेमकं काय लिहून घ्यायचं, ते कृपया सांगा.

केबलवाला_भोसरी

अनघाताई, वेळेवर विचारलंत. माझं काम स्ट्रक्चर्ड केबलिंगचं, म्हणजे ऑफिसं, हॉस्पिटलं, कारखाने. लोक मला बोलावतात ते पीओपीचं सीलिंग बंद झाल्यावर, आणि मग वरातीमागून घोडं. सगळ्यात आधी एक सांगा, भिंती ब्लॉकच्या आहेत की मायवानच्या? पीएमसीला, म्हणजे सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराला, विचारून घ्या. बाकी सगळं त्या उत्तरावर ठरेल.

अनघा_कमिटी

विचारलं. मायवान शटरिंग, आतल्या भिंतीसुद्धा आरसीसी.

स्थापत्य_विशारद

मग हा धागा तुमच्या समितीतल्या प्रत्येकाला वाचायला लावा.

वीट किंवा ब्लॉकच्या भिंतीत नंतर कटर मारून झिरी काढता येते, पाइप बसवून प्लास्टर करता येतं. मायवानमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात. ती भिंत भार घेते आणि तिच्यात सळया असतात. ताबा मिळाल्यावर तिच्यात झिरी मारणं म्हणजे इमारतीच्या ताकदीवर घाव घालणं. कुठलाही स्ट्रक्चरल इंजिनिअर त्याला होकार देणार नाही. त्यामुळे नेटवर्कचे पाइप आणि बॉक्स इलेक्ट्रिकलच्या पाइपांसोबतच, सळया बांधताना, काँक्रीट ओतण्याआधी बसले पाहिजेत. साइटवर स्लॅबचं चक्र आठवड्या-दीड आठवड्याचं असतं आणि सगळे मजले एकाच ड्रॉइंगवर चढतात. पहिल्या टिपिकल मजल्याच्या ड्रॉइंगमध्ये जो पॉइंट नाही, तो चौदाव्या मजल्यावरही नसेल.

तुमच्याकडे आज केबलचा ब्रँड ठरलेला नसला तरी काही बिघडत नाही. "लो व्होल्टेज कंड्यूट लेआउट" नावाचं वेगळं ड्रॉइंग मात्र करारनाम्याला जोडलेलं हवं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत, म्हणजे एनबीसी २०१६ मध्ये, भाग ८ चा विभाग ६ याच विषयावर आहे: इमारतीतली माहिती व संचाराची व्यवस्था. आर्किटेक्टला तो विभाग काढून दाखवा. तुम्ही अवाजवी काही मागत नाही आहात हे त्यावरून त्याला दिसेल.

केबलवाला_भोसरी

विशारद साहेबांशी शंभर टक्के सहमत. आता पाइपांचं बोलतो, कारण खरी गुंतवणूक पाइपात आहे. केबल दहा-पंधरा वर्षांनी बदलेल, पाइप इमारतीच्या आयुष्यभर तिथेच राहणार.

फ्लॅटच्या मुख्य दाराजवळ, इलेक्ट्रिकल डीबीपासून (विजेच्या स्विचांच्या मुख्य पेटीपासून) वेगळा, एक मोठा नेटवर्क बॉक्स मागा. ओएनटी (फायबरचा प्रकाश घरातल्या नेटवर्कला जोडणारा कंपनीचा डबा), राउटर, छोटा स्विच आणि १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आत मावला पाहिजे. झाकणाला हवेसाठी जाळी हवी. आत ५ अँपिअरचे किमान दोन प्लग पॉइंट हवेत. बहुतेक बिल्डर वहीएवढा बॉक्स देतात आणि आत प्लग पॉइंटच नसतो. मग राउटर चपलांच्या कपाटावर येतो.

या बॉक्समधून प्रत्येक खोलीत स्वतंत्र पाइप जायला हवा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माळ ओवल्यासारखं नेलेलं चालणार नाही. टीव्हीच्या भिंतीवर दोन पॉइंट, कामाच्या टेबलापाशी दोन, पॅसेजच्या सीलिंगमध्ये वाय-फायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी (सिग्नल पसरवणाऱ्या डब्यासाठी) एक, दाराबाहेर कॅमेऱ्यासाठी एक. पाइप २५ मिमीचा मागा. २० मिमीचा देऊन वेळ मारून नेतात. केबलने पाइपाचा साधारण ४० टक्केच भाग व्यापावा असा दंडक आहे. सुमारे ६ मिमी जाडीची कॅट ६ (तांब्याच्या नेटवर्क केबलची एक श्रेणी) केबल धरली तर २५ मिमीच्या पाइपात त्या हिशेबाने चार-पाच बसतात. कॅट ६ए जाड असते, तिच्या तीनच. एका ओढीत काटकोनातली वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, आणि तीही लांब बेंडची हवीत. एल्बो लावला की केबल ओढायची स्प्रिंग तिथेच अडकते. वळणं जास्त होत असतील तर मध्ये जंक्शन बॉक्स टाका. पाइप रिकामा ठेवायचा असेल तर आत नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बंद करून घ्या, नाहीतर काँक्रीटचं दूध आत जाऊन पाइप कायमचा बुजतो.

विजेची वायर आणि नेटवर्कची केबल एका पाइपात कधीच घालू नका. वायरमनला ते सोयीचं वाटतं, पण इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या लॅपटॉपच्या सॉकेटवर येतील. समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

निरंजन७१

चर्चा वाचतोय. एक प्रामाणिक शंका आहे. आता सगळीकडे वाय-फाय आहे, मेश राउटर, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे, मिळतात. मुलीच्या घरी तीन डबे ठेवलेत आणि सगळीकडे रेंज येते. मग भिंतीत तांब्याची केबल पुरण्याचा खर्च सभासदांच्या गळी कसा उतरवायचा?

केबलवाला_भोसरी

निरंजनकाका, शंका रास्त आहे आणि सर्वसाधारण सभेत कुणीतरी ती विचारणारच.

मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलतात तेव्हा तीच हवा तुमच्या मोबाइललाही लागते. एकाच रेडिओवर दोन्ही कामं चालली तर प्रत्येक उडीला वेग साधारण निम्मा होतो. मुलीकडे भिंती विटांच्या असतील तर तिथे निभावतं. तुमच्याकडे भिंती आरसीसीच्या होणार आहेत. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सळयांच्या काँक्रीट भिंतीत फार झपाट्याने मंदावतो, ६ गिगाहर्ट्झचा त्याहून जास्त. मायवानच्या टू-बीएचके फ्लॅटमध्ये मागच्या बेडरूमला सिग्नलच नाही, या तक्रारी मी नेहमी ऐकतो. उपाय एकच: त्या खोलीपर्यंत केबल न्यायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा.

शिवाय तांब्याची केबल डेटासोबत वीजही नेते. याला पीओई म्हणतात. २००३ च्या मानकात १५.४ वॉट होते, २००९ मध्ये ३० झाले, २०१८ पासून ९० वॉटपर्यंत. सीलिंगमधल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला आणि दारावरच्या कॅमेऱ्याला वेगळा प्लग लागत नाही. नेटवर्क बॉक्समध्ये एक योग्य क्षमतेचा यूपीएस ठेवला की दिवे गेले तरी सगळं चालू. काच वीज वाहून नेत नाही, म्हणून घराच्या आत तांबं अजून टिकून आहे आणि पुढेही टिकेल.

निरंजन७१

पटलं. मग केबल कुठली? दुकानदार कॅट ७, कॅट ८ सांगतो.

केबलवाला_भोसरी

घरासाठी कॅट ६, शुद्ध तांब्याची. कॅट ५ई १०० मीटरवर १ गिगाबिट देते. कॅट ६ तेवढं देतेच, शिवाय ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट पेलते. फ्लॅटमधली लांबी ३० मीटरच्या वर सहसा जात नाही. पूर्ण १०० मीटरवर १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ए लागते, ती ऑफिसांची गरज. कॅट ८ हे ३० मीटरच्या आतल्या डेटा सेंटरच्या कामासाठी आहे. घरात तिच्यावर घातलेले पैसे मोठ्या पाइपात घाला.

१०० मीटरचा हिशेब सभासदांना नीट सांगा: भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत, आणि दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्ड (टोकांना लावायच्या छोट्या सुट्या केबल) मिळून १०. सोसायटीच्या कॅमेऱ्यांना हे लागू पडतं. गेटवरचा कॅमेरा ऑफिसपासून १३० मीटरवर असेल तर तांबं तिथे चालवू नका.

आता ज्याच्यासाठी मी या धाग्यात लिहायला आलो ते. बाजारात सीसीए केबल भरून राहिली आहे. आत अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर कॅट ६ छापलेलं असतं, पण कॅट ६ च्या मानकात शुद्ध तांबंच बसतं. हिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. पीओई दिलं की केबल तापते, लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही आणि तो रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो. पंच करताना, म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवताना, तार तुटते. ही केबल एकदा भिंतीत गेली की दहा वर्षं ताप.

ओळखायची कशी? ब्लेडने तार खरवडा, पांढरं दिसलं की परत पाठवा. खोकं उचलून पाहा, सीसीएचं खोकं तेवढ्याच लांबीच्या तांब्याच्या खोक्यापेक्षा बरंच हलकं लागतं. आणि सगळ्यात खात्रीचं काम मल्टिमीटर करतो. ३०५ मीटरचं खोकं उघडून केबलची दोन्ही टोकं बाहेर काढा. एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमध्ये ओहम मोजा. तार २३ गेजची असेल तर साधारण ४० ते ४५ ओहम येतील, २४ गेजची असेल तर ५० ते ५५. मीटर ६० च्या वर गेला तर ते खोकं भिंतीत जाऊ देऊ नका. समितीतला कोणीही हे करू शकतो. साइटवर आलेल्या प्रत्येक लॉटमधलं एक खोकं असं तपासायचा हक्क करारनाम्यात लिहून घ्या.

मीनल_ठाणे

वायरमनने जोडणी बरोबर केली हे कसं कळणार? आमच्याकडे टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले, तरी वेग १०० मेगाबिटवरच अडकलाय.

केबलवाला_भोसरी

मीनलताई, तो दिव्यांचा टेस्टर तार तुटलेली नाही आणि क्रमांक जुळतात, इतकंच सांगतो. कुठली तार कुठल्या तारेशी पिळलेली आहे ते त्याला दिसत नाही. दोन्ही टोकांना एकाच चुकीच्या क्रमाने तारा लावल्या, जोड्या फोडल्या, तरी आठही दिवे लागतात. याला आम्ही स्प्लिट पेअर म्हणतो. पीळ असतो म्हणून शेजारच्या जोडीचा गोंगाट आपल्या जोडीत शिरत नाही. पीळ मोडला की संरक्षण गेलं. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी५६८बी. दोन्ही टोकांना तोच. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फाकते, तिथेच नवशिके गडबडतात. जॅकवर पंच करताना पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही.

दुसरी शक्यता अशी की आठपैकी चारच तारा धड लागल्यात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. भिंतीतला जॅक उघडून पुन्हा पंच करून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

सोसायटीने मात्र "फ्लूक रिपोर्ट" मागावा. आमच्या धंद्यात सर्टिफिकेशन टेस्टला हेच नाव पडलंय. प्रत्येक पॉइंटची लांबी, लॉस (सिग्नलची घट) आणि जोड्यांमधला क्रॉसटॉक (एकीचा गोंगाट दुसरीत शिरणं) यांचा छापील निकाल मिळतो. नवीन कामात तो मागणं अजिबात जास्तीचं नाही.

काचेचा_धागा

नाशिकहून. मी फायबर स्प्लायसिंग, म्हणजे काचेचे धागे जोडायचं काम, करतो. तांब्याचं भोसरीदादांनी सांगितलं, काचेचं माझ्याकडून घ्या.

अनघाताई, तळमजल्यावरच्या टेलिकॉम रूमपासून प्रत्येक मजल्यापर्यंत आणि तिथून प्रत्येक फ्लॅटच्या नेटवर्क बॉक्सपर्यंत फायबर न्या, आणि ते सोसायटीच्या मालकीचं असू द्या. सिंगल मोड. मल्टिमोड कुणी सुचवलं तर नको म्हणा, इंटरनेट कंपन्यांची घरगुती यंत्रणा सगळी सिंगल मोडवर चालते. दर फ्लॅटला दोन कोअर (काचेचे धागे) पुरेत असं म्हणतील, मी चार सांगेन. काच स्वस्त आहे, मजुरी एकदाच लागते. तुटलेली कोअर बदलायला डक्टमध्ये पुन्हा उतरणं महाग पडतं. फायबरचा प्रकार विचारून घ्या: जी.६५७.ए२ हवं. रस्त्यावरच्या मोठ्या केबलमध्ये जी.६५२.डी चालतं, पण घरातल्या कोपऱ्यांना ए२ लागतं, कारण ते ७.५ मिमी त्रिज्येचं वळण सोसतं. माल शोधायला लांब जायला नको, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला ऑप्टिकल फायबरचा मोठा कारखाना आहे.

वळणाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ग्राहकांच्या निम्म्या तक्रारी तिथेच सापडतात. फायबर वाकवलं की प्रकाश बाहेर गळतो, आणि तरंगलांबी जितकी मोठी तितकी गळती जास्त. सध्याच्या बहुतेक जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना इंटरनेट देणाऱ्या) जोडण्यांत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० चा. कंपनी उद्या १० गिगाबिटच्या एक्सजीएस-पॉनवर गेली की येणारा प्रकाश १५७७ चा होईल. म्हणजे कपाटामागे दाबून बसवलेली जी वायर आज चालतेय, ती अपग्रेडच्या दिवशी दगा देऊ शकते. लोक मग राउटरला शिव्या देतात.

प्रकाशाचा हिशेबही सोपा आहे. ओएनटीपाशी पॉवर मीटर लावला की आकडा उणे डीबीएममध्ये येतो. नेहमीच्या जीपॉनमध्ये तो −८ ते −२७ च्या मध्ये हवा. −२० च्या आसपास असेल तर निवांत राहा, −२६ आला तर जोडणी कडेलोटावर उभी आहे. हा प्रकाश सगळ्यात जास्त खर्च होतो स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीत. एकाचे दोन केले की ३ डीबी गेले, बत्तीस केले की साधारण १७. काच स्वतः फार कमी खाते, १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डीबीच्या आसपास. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं होतं की काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरमागची घट २० डीबीपर्यंत आणली, तर प्रकाशावरून संदेश पाठवणं व्यवहारात येईल. त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. चांगला स्प्लाइस ०.०५ डीबीच्या आतबाहेर बसतो. म्हणून कुणी "जोड आहे, एवढा लॉस येणारच" म्हणत २ डीबी दाखवला तर जोड पुन्हा करायला लावा.

कनेक्टर हिरवा असेल तर हिरव्यालाच जोडायचा. हिरव्या एपीसीचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्या यूपीसीचं तिरकं नसतं. दोन्ही एकमेकांत घुसतात, म्हणून लोक घुसवतात. मध्ये फट राहते, सिग्नल पडतो आणि तोंडं खराब होतात. प्रत्येक वेळी जोडण्याआधी तोंड पुसा. आतली वाट ९ मायक्रॉनची आहे, डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही ती झाकून टाकतो.

दोन गोष्टी जिवाच्या. चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. आणि स्प्लायसिंग करणाऱ्याने कापलेले काचेचे तुकडे डबीत किंवा चिकटपट्टीवर गोळा केलेच पाहिजेत. फरशीवर पडलेला तुकडा रांगत्या बाळाच्या तळहातात शिरला तर शोधूनही सापडत नाही. तुमच्या घरात कुणी काम करत असेल तर समोर उभं राहून हे करून घ्या, संकोच करू नका.

देवगड_मास्तर

अनघाताईंनी मागच्या बैठ्या इमारतीचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आमच्या शाळेच्या दोन इमारती आहेत, मध्ये मैदान. संगणक कक्ष एकीकडे, ऑफिस दुसरीकडे. पूर्वी दोन्हींच्या मध्ये खांबावरून तांब्याची केबल नेली होती. कोकणात पावसाच्या तोंडाशी विजा कशा पडतात ते सांगायला नको. जवळपास कुठेही वीज पडली की स्विचचे पोर्ट जळायचे, कधी सोबत संगणकही. दर वर्षी पालकांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून पैसे जमवायचे आणि पुन्हा तेच.

एका माजी विद्यार्थ्याने येऊन ती केबल काढली, जमिनीखालून पाइप टाकला आणि धातूविरहित फायबर ओढून दिलं. तेव्हापासून त्या कारणाने एकही पोर्ट गेलेला नाही. दोन इमारतींच्या मध्ये तांबं नकोच.

काचेचा_धागा

मास्तर, त्या विद्यार्थ्याने फार चांगलं काम केलं. कारण हे की दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. वीज पडली की दोन्हींच्या जमिनीच्या विद्युतदाबात प्रचंड फरक पडतो आणि तो तांब्याच्या केबलमधून वाट काढतो. काचेला त्याचं काही नाही. मात्र उंदरांसाठी स्टीलचं कवच असलेली आर्मर्ड केबल वापरली तर ते स्टील दोन्ही टोकांना नीट अर्थ करावं लागतं, नाहीतर विजेला पुन्हा तीच वाट मिळाली. अनघाताई, टॉवर ते मागची इमारत हा टप्पा आणि गेटवरचा तो १३० मीटरचा कॅमेरा, दोन्ही फायबरवर घ्या.

प्रसाद_डॉर्टमुंड

थोडी भर. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या ६१ क्रमांकाच्या निर्देशानुसार, ३१ डिसेंबर २०१६ नंतर परवानगीसाठी अर्ज केलेल्या नव्या इमारतींमध्ये आणि मोठ्या नूतनीकरणात वेगवान नेटवर्कसाठी रिकामे पाइप आणि डक्ट घरापर्यंत असणं बंधनकारक झालं, काही अपवाद वगळता. केबल कोणाची, कंपनी कुठली, हे नंतर ठरतं. इथे जर्मनीत जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना फायबर रस्त्यापर्यंत येऊनही घरात घेता येत नाही, कारण वर चढायला वाटच नाही. आमच्या इमारतीत मालकांच्या सभांमध्ये तोच वाद चालू आहे. तुमच्या हातात अजून कागद आहे.

अनघा_कमिटी

सगळ्यांचे खूप आभार. एक नवीन पेच: बिल्डरने एका इंटरनेट कंपनीचं पत्र आणलंय. ते अख्ख्या इमारतीचं वायरिंग फुकट करून देतील. बदल्यात काही वर्षं इमारतीत दुसऱ्या कुणालाही डक्ट वापरू द्यायचा नाही. समितीतल्या काहींना हे फायद्याचं वाटतंय, पैसे वाचतात म्हणून.

केबलवाला_भोसरी

ताई, हात जोडून सांगतो, यावर सही करू नका. सेवा बिघडली तर शंभर घरांना दुसरा पर्याय उरत नाही, आणि करार संपल्यावर ती वायर कोणाची यावर भांडण होतं. डक्ट सोसायटीचा, फायबर सोसायटीचं, खोलीची किल्ली सोसायटीकडे. ज्या कंपनीला यायचंय तिने तळमजल्यावरच्या रॅकपर्यंत यावं, तिथे एलआययूवर (फायबरची टोकं जोडायच्या डब्यावर) जोडून द्यावं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना एक कंपनी हवी आणि समोरच्यांना दुसरी, दोघांचीही सोय एका पॅच कॉर्डने होईल. भिंतीत एकही भोक पडणार नाही.

स्थापत्य_विशारद

बिल्डरला पटवायला एक मुद्दा देतो. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं मानांकन देणारे विनियम आणले आहेत. मानांकन ऐच्छिक आहे, ताऱ्यांमध्ये मिळतं. इमारतीत फायबरची तयारी किती आणि घरात मोबाइलची रेंज कशी, हे त्यात बघतात. विक्रीच्या फ्लॅटसाठी बिल्डर जाहिरात करणारच आहे, त्याला याचा उपयोग आहे. त्या अंगाने बोललात तर तो खर्चावर घासाघीस कमी करेल.

डक्टबद्दल तीन अटी. इलेक्ट्रिकल डक्टपासून वेगळा आणि प्रत्येक मजल्यावर कुलूपबंद दाराचा. लिफ्टच्या शाफ्टमधून एकही नेटवर्क केबल जाणार नाही. आणि प्रत्येक स्लॅबपाशी केबल गेल्यावर उरलेली पोकळी आग रोखणाऱ्या मसाल्याने बंद केलेली. ही पोकळी उघडी राहिली तर डक्टची चिमणी होते आणि तळमजल्यावरचा धूर मिनिटांत वर पोचतो. डक्टमधल्या केबलचं आवरण कमी धुराचं, हॅलोजनविरहित प्रकारचं मागा. जळताना पीव्हीसीचा धूर विषारी असतो, आणि तुमच्याकडे वयस्कर माणसं चौदाव्या मजल्यापर्यंत राहणार आहेत. इथे पैसे वाचवू नका.

अनघा_कमिटी

समितीची बैठक झाली. त्या पत्राला नकार कळवायचं ठरलं, पीएमसीनेही साथ दिली. करारनाम्यात घालायचा मजकूर असा केला आहे, कृपया तपासा:

"विकासक प्रत्येक मजल्याच्या काँक्रीटआधी मंजूर लो व्होल्टेज लेआउटप्रमाणे २५ मिमी कंड्यूट व बॉक्स बसवून, पीएमसीची लेखी पाहणी करून घेईल. प्रत्येक फ्लॅटमध्ये प्रवेशद्वाराजवळ दोन प्लग पॉइंटसह नेटवर्क बॉक्स, तिथून प्रत्येक खोलीत स्वतंत्र कंड्यूट व शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल देईल. तळमजल्यावरील टेलिकॉम रूमपासून प्रत्येक फ्लॅटपर्यंत चार कोअर सिंगल मोड जी.६५७.ए२ फायबर, तसेच मागील इमारत व प्रवेशद्वारापर्यंत फायबर देईल. डक्ट, टेलिकॉम रूम व सर्व केबल संस्थेच्या मालकीचे राहतील. कोणत्याही सेवादात्यास एकाधिकार दिला जाणार नाही. केबलचा प्रत्येक लॉट तपासण्याचा हक्क संस्थेस राहील. ताब्यापूर्वी प्रत्येक तांब्याच्या पॉइंटचा सर्टिफिकेशन अहवाल व प्रत्येक फायबर कोअरचा लॉस अहवाल संस्थेस दिला जाईल."

केबलवाला_भोसरी

उत्तम. तीन शब्दांची भर घाला: "व अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंग." जे ठरलं ते आणि जे बसलं ते यात साइटवर फरक पडतोच. पाहणीत पाइप सळयांना तारेने बांधलेत का आणि टोकं बंद आहेत का, हे बघायला सांगा. शटरिंग उघडलं की त्याच आठवड्यात प्रत्येक पाइपातून स्प्रिंग घालून घ्या. बुजलेला पाइप तेव्हा सापडला तर पुढच्या मजल्यावर सुधारता येतो.

काचेचा_धागा

लॉस अहवालापुढे "१३१० व १५५० नॅनोमीटर, दोन्हींवर" असं लिहा. फक्त १३१० वर मोजलं तर दाबलेली वळणं लपून राहतात. आणि लेबल दोन्ही टोकांना हवं: मजला, फ्लॅट, कोअर नंबर, छापील, पेनाने लिहिलेलं नको. फ्लॅटमधल्या टोकाला हिरवा एससी-एपीसी कनेक्टर लावून टोपी घालून ठेवायला सांगा. ताबा मिळाल्यावर एखादं टोक तपासून हवं असेल तर इथे लिहा, कल्याण-डोंबिवलीकडे माझं येणं असतं, मीटर घेऊन येईन.